ग्रीन बेल्टला मदतनीस करताना: सहा आठवड्यांची कृती

शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास भरतो. मुलं पस्तीस, शिकवणारे सर एकटे. व्हाइट बेल्टची रांग वाढली की सर एखाद्या ग्रीन बेल्टला हाक मारतात, "या नवीन मुलांना जरा घे." तो जेमतेम चौदा वर्षांचा असतो. त्याला झेनकुत्सु दाची (पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं) नीट येते, पण ती दुसऱ्याकडून कशी करून घ्यायची, चूक नेमकी कुठे बघायची, कुठे थांबायचं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. मग तो सरांसारखा आवाज चढवतो आणि एकाच मुलाला एका दमात पाच चुका सांगतो. काही दिवसांनी ते मूल क्लासला यायचंच बंद होतं.

यात त्या ग्रीन बेल्टचा दोष नाही. जे काम त्याला शिकवलेलं नाही, ते त्याच्यावर टाकलेलं असतं. जुन्यांनी नव्यांना दाखवायचं, ही रीत आपल्या तालमीतही आहे. पण तिथे जुना पट्ठा नव्याला डाव दाखवत असतो, तेव्हा वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा असतो.

जपानमधल्या ओकिनावामध्ये कराटेचे गुरू अंको इतोसू यांनी 1901च्या सुमारास कराटे शाळेत नेलं आणि शाळकरी मुलांसाठी पिनान काता (हालचालींचे ठरलेले क्रम) बसवले. शोतोकान शैलीत तेच काता हेइआन म्हणून शिकवले जातात. शाळेत आल्यावर रांगा करून, मोजणीवर सगळ्यांनी एकदम तंत्र करायची पद्धत रुजली. या पद्धतीने एका शिक्षकाला अनेक मुलांना शिकवता येतं, मात्र मागच्या रांगेतली चूक कुणाच्या नजरेत न येता मुरत जाते. मदतनीस खरा हवा तो तिथे. खालची कृती मुख्य प्रशिक्षकासाठी आहे. मदतनीस मुलगा असो वा मुलगी, पायऱ्या त्याच.

आधी जमवायचं

- क्लासभर हॉलमध्येच थांबणारा मुख्य प्रशिक्षक. ही अट जमत नसेल तर मदतनीस नेमू नका.
- मदतनिसासाठी एक वही.
- प्रथमोपचार पेटी, बर्फाची पिशवी आणि सगळ्या पालकांचे फोन नंबर, दारापाशी ठरलेल्या जागी.
- दर क्लासनंतर दहा मिनिटं.

1. निवड करा

स्पर्धेत पदक मिळवणारं मूल चांगलं शिकवेलच असं नाही. पाणी पिण्याच्या सुट्टीत नवीन मुलाला बेल्ट बांधून देणारं, आपली चूक सांगितल्यावर तोंड न पाडणारं, वेळेवर येणारं मूल निवडा. वय किमान 13 असावं आणि ज्यांना शिकवायचं त्यांच्यापेक्षा दोन-तीन बेल्ट पुढे असावं. बेल्टच्या रंगांचा क्रम संघटनेगणिक बदलतो, म्हणून रंगापेक्षा अंतर बघा. मुलाला "करशील का?" असं विचारा आणि तो नाही म्हणाला तर पुन्हा आग्रह करू नका.

2. पालकांशी बोला

मदतनिसाचे पालक फी भरतात ती त्याने शिकावं म्हणून. त्यांना तीन गोष्टी लेखी द्या: आठवड्यातून किती वेळ तो मदत करेल, त्याचा स्वतःचा सराव कोणत्या वेळी होईल आणि जबाबदारी कुणाची. एक तासाच्या क्लासमध्ये वीस मिनिटांपेक्षा जास्त मदत घेऊ नका. बेल्ट परीक्षा जवळ आली की मदत पूर्ण थांबवा. नवीन मुलांच्या पालकांनाही सांगा की हा विद्यार्थी आहे, सरांच्या देखरेखीखाली मदत करतो. मुलांनी त्याला दादा किंवा ताई म्हणावं.

3. मर्यादा लिहून द्या

वहीच्या पहिल्या पानावर मदतनिसाच्या हाताने लिहून घ्या.

*स्वतःहून करायचं:* रांगा लावणं, बेल्ट बांधायला शिकवणं, मोजणी देणं, परीक्षेत स्वतः पास झालेलं तंत्र करून दाखवणं.

*विचारून करायचं:* पॅड धरणं, दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन सराव करून घेणं.

*कधीच करायचं नाही:* कुमिते (लढत) लावणं, फेकीचं किंवा गळ्याचं तंत्र शिकवणं, स्ट्रेचिंग करताना कुणाच्या पाठीवर किंवा मांडीवर दाब देणं, शिक्षा म्हणून पुशअप्स किंवा बैठका लावणं, दुखापत झालेल्याला "काही नाही झालं, ऊठ" म्हणणं, मुलांबरोबर हॉलमध्ये एकटं थांबणं.

4. पहिला आठवडा: फक्त बघायचं

मदतनिसाला मागच्या रांगेच्या बाजूला उभं करा. तोंडाने काहीही सांगायचं नाही, बघून वहीत लिहायचं. दर क्लासला बघायची गोष्ट एकच द्या.

- पहिल्या दिवशी मूठ. अंगठा बोटांच्या आत गेला आहे का? तो तर्जनी आणि मधल्या बोटावर बाहेरून यायला हवा. मनगट वाकलं आहे का? अंगठा आत ठेवून पॅडवर मारलं तर तो मोडू शकतो, म्हणून सुरुवात इथून.
- दुसऱ्या दिवशी झेनकुत्सु दाचीतला पुढचा गुडघा. तो पंजाच्या दिशेत आहे की आत पडतोय?
- तिसऱ्या दिवशी माए गेरी (समोरची लाथ). गुडघा आधी उचलला जातो की पाय सरळच झोकला जातो? बोटं मागे ओढून तळव्याचा पुढचा भाग लागतो का?

क्लासनंतर वही बघा. "नीट करत नव्हते" असं लिहिलं असेल तर विचारा, "कोण? कोणता पाय? कोणत्या मोजणीला?" चूक दिसायला लागली की सुधारणं पुढे शिकवता येतं. हा आठवडा गाळू नका.

5. दुसरा आठवडा: उभं राहणं आणि दाखवणं

समोर तोंड करून मदतनीस डावा पाय पुढे टाकतो तेव्हा अर्धी मुलं उजवा टाकतात, कारण ती आरशासारखी नक्कल करतात. म्हणून नवं तंत्र दाखवताना मुलांकडे पाठ करायची. ओळखीच्या तंत्राला समोर तोंड करून उलट बाजूने करायचं, म्हणजे मुलांचा डावा तो आपला उजवा. हे त्याच्याकडून रिकाम्या हॉलमध्ये करून घ्या, कारण मोजणी देत उलट बाजू सांभाळणं पहिल्यांदा अवघड जातं.

तंत्र तीनदा दाखवायचं: एकदा पूर्ण वेगात, एकदा सावकाश, एकदा बाजूने वळून. दाखवताना बोलायचं नाही. बघणं आणि ऐकणं एकदम करायला लावलं की लहान मुलांचं दोन्ही निसटतं. हवेत ठोसा मारताना कोपर झटक्याने पूर्ण ताणू नये, हे त्याच्या स्वतःच्या करण्यात दिसलं पाहिजे. मुलं झटक्याचीही नक्कल करतात आणि मग कोपर दुखतात.

6. तिसरा आठवडा: एका वेळी एक सूचना

आता बोलायची परवानगी द्या. क्रम ठरलेला:

1. मुलाचं नाव घ्यायचं.
2. काय करायचं ते एका वाक्यात सांगायचं.
3. तीन वेळा करून घ्यायचं.
4. सुधारलं असेल तर काय सुधारलं ते सांगून पुढे जायचं.

"गुडघा वाकडा टाकू नकोस" याऐवजी "गुडघा अंगठ्याच्या दिशेला ठेव" असं सांगायचं. काय नको हे ऐकून मूल गोंधळतं, काय हवं हे ऐकलं की करतं. गेदान बराईत (खालच्या बचावात) मुलाचा हात, खांदा आणि पाय असं सगळंच चुकत असेल, तर आधी पाय. पाया नीट झाला की वरचं बरंच आपोआप सुधारतं. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर "छान, पुढच्या वेळी बघू" म्हणून सोडायचं आणि वहीत लिहायचं. चिकाटी चांगली, पण सगळ्या रांगेसमोर एकाच मुलापाशी पाच मिनिटं थांबलं की ते मूल सगळ्यांच्या नजरेत येतं आणि लाजतं.

सर सूचना देत असताना मदतनिसाने गप्प राहायचं. दोन आवाज एकदम आले की मुलं कुणाचंच ऐकत नाहीत.

7. चौथा आठवडा: हात न लावता सुधारणं

पाय उचलायला लावायचा तर पाय धरायचा नाही. आपला तळहात मुलाच्या कमरेच्या उंचीवर, हातभर पुढे धरून म्हणायचं, "गुडघा इथपर्यंत आण." ठोसा खाली जात असेल तर तळहात छातीच्या उंचीवर. हिकिते (दुसरा हात मागे ओढणं) विसरणाऱ्याला आपली स्वतःची मूठ कमरेला लावून दाखवायची. बहुतेक चुका अशाच सुधारतात. तरीही हात लावावा लागला तर तो सरांनी, मुलाला विचारून, सगळ्यांसमोर.

हा नियम मुलांइतकाच मदतनिसाच्याही रक्षणाचा आहे. 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालचे सगळेच बालक, म्हणजे तोही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं या कायद्याने बंधनकारक आहे आणि ते काम मोठ्यांचं. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या क्रीडा अकादमींनाही कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी याच कायद्याच्या 2020च्या नियमांनी आवश्यक केली आहे. मदतनिसाला एवढंच शिकवा: कुठल्याही मुलाने खटकणारं काही सांगितलं तर "गुपित ठेवीन" असं वचन द्यायचं नाही, त्याच दिवशी सरांना सांगायचं. सरांबद्दलच काही असेल तर घरी सांगायचं किंवा 1098 या हेल्पलाइनला फोन करायचा. हेही त्याच्या वहीत लिहून घ्या.

8. पाचवा आठवडा: थांबवायला शिकवा

मदतनिसाला "यामे!" म्हणायचा पूर्ण अधिकार द्या. पाऊस आत येऊन लादी ओली झाली, मॅट सरकली, दोन मुलांची धक्काबुक्की सुरू झाली, कुणी डोकं धरून बसलं, की आधी थांबवायचं आणि मग सरांना हाक मारायची. थांबवणं चुकीचं ठरलं तरी त्याला कधी बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो कचरेल.

डोक्याला मार लागलेलं मूल त्या दिवशी पुन्हा सरावाला उभं राहणार नाही, ते कितीही "मी ठीक आहे" म्हणालं तरी. पालकांना लगेच फोन. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय.

हा कडकपणा कशासाठी, हे जपानकडे पाहिलं की कळतं. 1983पासूनच्या सुमारे तीन दशकांत तिथल्या शाळांच्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. नागोया विद्यापीठाचे रियो उचिदा यांनी या नोंदी मांडल्या. त्यांत डोक्याच्या दुखापती सर्वाधिक होत्या आणि पहिल्या वर्षाचे, नीट पडायलाही न शिकलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. ज्युदो हा जपानचा स्वतःचा खेळ, तरीही हे घडलं. म्हणून फेक, कुमिते आणि पडण्याचा सराव मदतनिसाच्या हाती कधीही नको.

9. सहावा आठवडा: तीन मुलं, दहा मिनिटं

आता त्याला तीन मुलांचा गट द्या. जागा तुमच्या नजरेच्या टप्प्यात, दाराआड किंवा खांबामागे नाही. विषय तुम्हीच ठरवून द्या, उदाहरणार्थ हेइआन शोदानच्या पहिल्या चार हालचाली. आदल्या क्लासनंतर त्याने तो पाठ तुम्हाला शिकवून दाखवायचा आणि तुम्ही नवख्या मुलासारखं चुकायचं. प्रत्यक्ष गट घेताना मध्ये पडू नका. धोका दिसला तरच थांबवा.

10. दर क्लासनंतरची दहा मिनिटं

तीन प्रश्न ठरवून विचारा. आज कोणाचं काय सुधारलं? कुठे अडलं? तुझ्या स्वतःच्या सरावात आज काय केलंस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सलग दोन क्लास "काही नाही" आलं तर पुढच्या क्लासला मदत बंद, फक्त सराव. त्याची चूक सांगायची ती इथेच, दोघांत बसून. मुलांसमोर त्याला रागावलात तर तोही उद्या मुलांना तसाच रागावेल.

थांबवायचं कधी

तो चेष्टा करू लागला, आवडीच्या मुलांकडेच जाऊ लागला, जोर दाखवायला मुलांवर तंत्र वापरू लागला, किंवा क्लासला यायलाच टाळाटाळ करू लागला, तर मदत थांबवा. शिक्षा म्हणून नव्हे. "आता काही दिवस तुझा स्वतःचा सराव पक्का करू" असं सांगून रांगेत परत घ्या, आणि तीन महिन्यांनी त्याची इच्छा असेल तर चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

जमलं का, हे कसं ओळखायचं

सहा आठवडे संपले की दोन गोष्टी तपासा. मागच्या रांगेतली सगळी मुलं अजून येताहेत का आणि त्यांची मूठ, गुडघा, माए गेरी सुधारली आहे का? मदतनिसाचा स्वतःचा काता आधीपेक्षा चांगला झाला आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढचे सहा आठवडे द्या. एकाचंही नाही आलं, तर ज्या पायरीवर घाई झाली तिथे मागे जा. तो तुमच्याकडे शिकायला आला आहे. क्लासला हातभार लावताना त्याचं शिकणं मागे पडणार नाही, हे बघणं तुमचं काम आहे.