दहावीनंतर, पण वेगळ्या गतीने

प्रश्न : अध्ययन अक्षमता असलेला मुलगा दहावीत गणितात अनुत्तीर्ण झाला आहे, सोलापुरात त्याच्यासाठी पुढे कोणते मार्ग आहेत?

उत्तर : अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन वा गणन यांत सातत्याने येणारी अडचण, ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत समाविष्ट असल्याने प्रथम प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' हे विशिष्ट ओळखपत्र मिळवणे श्रेयस्कर ठरते; कारण किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के आरक्षण आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते.

गणिताचाच अडसर असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग विशेष विचारार्ह आहे, कारण तेथे गणित सक्तीचे नसते, एकेक करून विषयांत उत्तीर्ण होता येते आणि नोंदणी पाच वर्षे वैध राहून परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. पालकांना ही सवड आळसाला वाव देणारी वाटते, परंतु अशा मुलाच्या बाबतीत तीच मूळ गरज असते.

हाताने काम करण्याकडे कल असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील काही व्यवसाय, म्हणजे तेथील कौशल्य-अभ्यासक्रम, दहावी अनुत्तीर्णांनाही खुले असतात. चादर, टॉवेल व गणवेश यांच्या उद्योगामुळे सोलापुरात शिवणकामाचे कौशल्य उपयोगी पडू शकते, मात्र प्रवेशापूर्वी मुलाला कार्यशाळा प्रत्यक्ष दाखवून यंत्रांचा आवाज व कामाचा वेग त्याला सोसवतो का, हे पाहावे.