वाटा कोणाचा मोजायचा?

बोर प्रकल्पाच्या कालव्यावर नोकरी करून निवृत्त झालेले मोठेबाबा सेलूला राहतात. त्यांची पुतणी वर्ध्यातल्या एका कॉलेजात संगणक लॅबचा लिनक्स सर्व्हर सांभाळते.

मोठेबाबा: रविवारी धावत गेलीस म्हणे. मशीन बिघडलं होतं काय?

पुतणी: बिघडलं नव्हतं. एका पोराने एकदम नऊ प्रोग्राम लावून दिले, आणि दुसऱ्याचा एकच होता तो रखडला.

मोठेबाबा: एका मशीनवर दहा प्रोग्राम एकाच वेळी चालतात?

पुतणी: तसं दिसतं फक्त. प्रोसेसरचा एक कोअर एका क्षणी एकच काम करतो. काही मिलिसेकंद याचं, मग काही त्याचं. पुढची पाळी कोणाची, हे शेड्युलर नावाचा भाग ठरवतो. लिनक्समध्ये ऑक्टोबर 2007 ला 2.6.23 आवृत्तीत इंगो मोल्नार यांचा ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’ आला. तो प्रत्येक कामाच्या नावे खातं ठेवतो: आजवर किती वेळ मिळाला? ज्याच्या खात्यात सगळ्यात कमी, त्याला पुढचा नंबर.

मोठेबाबा: बरोबरच आहे नं. मग रखडला काहून?

पुतणी: एकच कोअर धरा. दहा कामं, प्रत्येकाला दहा टक्के. म्हणजे नऊवाल्या पोराला नव्वद आणि एकवाल्याला दहा.

मोठेबाबा: हे तर वाफे मोजून पाणी दिल्यासारखं झालं! शेजपाळीत, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने देताना, आम्ही सात नंबरच्या पाणी-अर्जावरचं मंजूर क्षेत्र पाहत होतो. त्या क्षेत्रात कोणी चाळीस वाफे पाडले तर कालव्याला त्याचं काय?

पुतणी: शेड्युलरला वाफेच दिसत होते, शेतकरी दिसतच नव्हता. आणि ही अडचण काही नवी नाही. सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी 1988 मध्ये ‘फेअर शेअर शेड्युलर’वर लेख लिहिला, तो नेमका यावरच. तिथेही एका मशीनवर खूप विद्यार्थी. त्यांनी वाटा प्रोग्रामला न देता माणसाला आणि गटाला दिला.

मोठेबाबा: मग लिनक्समध्ये यायला वीस वर्षं लागली?

पुतणी: लागली खरी. जानेवारी 2008 च्या 2.6.24 मध्ये ते आलं. त्यात आयबीएमच्या श्रीवत्स वड्डगिरी यांचं मोठं काम आहे. युक्ती सोपी आहे: गटालाच एक काम समजायचं. गटाचं स्वतःचं खातं असतं. शेड्युलर आधी सगळ्यात मागे राहिलेला गट निवडतो, मग त्या गटाच्या आत सगळ्यात मागे राहिलेलं काम. आता दोन्ही पोरांना पन्नास-पन्नास. नऊवाल्याचे नऊ प्रोग्राम आपल्या पन्नासात काय भांडायचं ते भांडोत, प्रत्येकाला साडेपाच टक्के पडतील.

मोठेबाबा: सगळ्यांना सारखंच? सरांनाही?

पुतणी: गटाला वजन देता येतं. हल्लीच्या लिनक्समध्ये ते मुळात 100 असतं. सरांच्या गटाला 200 केलं आणि पोरांच्या गटाला 100 ठेवलं, तर दोन तृतीयांश वेळ सरांचा. जड गटाचं खातं हळू भरतं, म्हणून त्याचा नंबर जास्त वेळा लागतो. बस, एवढंच गणित.

मोठेबाबा: आणि सर चहाला गेले तर?

पुतणी: त्यांचा सगळा वेळ पोरांना. वजन लागू होतं ते ओढाताण असते तेव्हाच.

मोठेबाबा: आमच्याकडे वाचलेलं पाणी धरणात राहते, पुढच्या पाळीला कामी येते.

पुतणी: प्रोसेसरचा वेळ साठत नाही. वापरला नाही तर गेला.

मोठेबाबा: थांब. सर दिवसभर झोपले, त्यांचं खातं रिकामं. संध्याकाळी उठले की सगळ्यात मागे तेच! रात्रभर कोणाला हातच लावू देणार नाहीत.

पुतणी: हे तुम्ही बरोबर पकडलं. म्हणूनच झोपेतून उठणाऱ्याचं खातं बाकीच्यांच्या जवळ आणून ठेवतात. दिवसभराची थकबाकी मिळत नाही. सिडनीवाल्यांचं उलटं होतं: तिथे जुना वापर लक्षात राहायचा आणि हळूहळू पुसट व्हायचा. काल खूप खाल्लं असेल तर आज मागे राहा. शाळा-कॉलेजात मला तेच जास्त पटतं, पण लिनक्सचा शेड्युलर तसा नाही. 2023 च्या 6.6 आवृत्तीपासून पुढचा नंबर निवडायची रीत बदलली आहे. गटांची रचना मात्र तीच आहे.

मोठेबाबा: जास्तीत जास्त इतकंच, असं बांधून देता येते काय?

पुतणी: येतं, 2012 च्या 3.2 पासून. मुळात 100 मिलिसेकंदांचा एक फेरा असतो. त्यात गटाला 50 दिले, की एका कोअरचा अर्धा वेळ. ते संपले की फेरा संपेपर्यंत गट थांबलेला, कोअर रिकामा पडलेला असला तरी. भाड्याने संगणक देणाऱ्या क्लाउड कंपन्यांना हेच हवं असतं. ग्राहकाने जितके पैसे भरले तितकंच द्यायचं. लॅबमध्ये मी ते लावत नाही. रिकामा कोअर समोर असताना पोराला थांबवायचं कशाला?

मोठेबाबा: मग रविवारी काय केलंस?

पुतणी: सगळे एकाच सामाईक लॉगिन खात्यावरून काम करत होते, म्हणून शेड्युलरला एकच माणूस दिसत होता. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. आता प्रत्येक खात्याचा आपोआप वेगळा गट होतो.

मोठेबाबा: आणि एखाद्याने दोन खाती काढली तर? एकाच बांधावर बापाचा एक अर्ज, पोराचा एक, असे लोक मी पाहिले आहेत.

पुतणी: तर त्याला दोन वाटे. म्हणून गटाच्या आत गट करायचे: वर वर्ग, त्याच्या आत विद्यार्थी. तिसऱ्या वर्षाचा वाटा ठरलेला, मग त्यातल्या कोणी दहा खाती काढली तरी दुसऱ्या वर्षाला धक्का नाही.

मोठेबाबा: पण तो आपल्याच वर्गातल्या पोरांचं खाणार.

पुतणी: खाणार. ते शेड्युलरला कळणार नाही. खाती कोणाला द्यायची याचं रजिस्टर माझ्याकडे आहे, ते मला पाहावं लागेल.