मेंढी गरगर फिरते, गोळी कुत्र्याला द्या

मेंढी कळप सोडून एकाच अंगाला गरगर फिरू लागली की वाड्यावर पहिला संशय करणीचा. आमची एक दोनदाती मेंढी अशी फिरू लागली तेव्हा कुणी म्हणालं डाग द्या, कुणी म्हणालं अंगारा लावा. तिची मान उजवीकडे कललेली. डाव्या डोळ्यापुढे हात नेला तरी पापणी हलत नसे. पशुवैद्यकांनी कवटीवर अंगठा दाबला, तर हाड एका जागी मऊ पडलेलं. पुढे मेंढी गेली. डॉक्टरांनी डोकं उघडून दाखवलं: मेंदूत लिंबाएवढी पाण्याची गाठ, आणि तिच्या पातळ पडद्याला आतून पांढऱ्या दाण्यांचे पुंजके.

त्यातला एकेक दाणा म्हणजे पट्टकृमीचं डोकं. या रोगाला गिड म्हणतात. हा जंत वाढतो कुत्र्याच्या आतड्यात. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे रीतच आहे. ते खाल्लं की साधारण दीड महिन्यात कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती गवताला लागतात, कोकरू चरताना गिळतं, अळी रक्तातून मेंदूत जाऊन बसते. मेंढी फिरायला लागते ती काही महिन्यांनी. तोवर वाडा कुठल्या कुठे गेलेला असतो, मग दुखणं कुठल्या रानात लागलं हे कळायचं कसं?

मेंढरांना जंताचं औषध वेळच्या वेळी पाजणारेही विचारतात, तरी असं का? मेंढीच्या आतड्यातला पट्टकृमी निराळा, तो गवतातल्या बारीक किड्यांतून येतो. मेंदूतल्या गाठीवर ते पाजणं लागू पडत नाही. गाठ कवटीलगत असेल तर शस्त्रक्रियेनं निघते. पण फिरस्त्या मेंढपाळाला ते दर वेळी कुठून जमणार?

म्हणून इलाज कुत्र्यापासून धरायचा. राखणीच्या प्रत्येक कुत्र्याला प्राझिक्वांटेलची गोळी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून ठरावीक अंतराने द्या. गोळीनं जंत मरतो, अंडी मरत नाहीत. तेव्हा दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा खोल पुरा. मेंढीचं डोकं कच्चं टाकू नका. पुरा नाहीतर जाळा. काळजावर, फुफ्फुसावर पाण्याचे फुगे दिसले तर तेही कुत्र्याला नकोत. त्यातल्या एका जातीचा जंत कुत्र्यामार्फत माणसाच्या काळजात तशीच गाठ करतो. मटण खाऊन ती होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हातातोंडाला लागून होते. आपली पोरं दिवसभर कुत्र्यांच्या गळ्यात पडलेली असतात, त्यांना हात धुतल्याशिवाय भाकरीला बसवू नका.

एक धोका वेगळा सांगतो. मान वाकडी होणं, फिरणं हे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंही होतं. अशा जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका, आधी डॉक्टर बोलवा.

बाजारात मेंढरांचं औषध घ्यायला जाल, तेव्हा कुत्र्यांचं वजन सांगून त्यांच्या गोळ्याही मागून घ्या.