मंगळवार-शुक्रवारचा वर्ग

घरी भागाकार शिकवता येतो, लगोरी खेळता येत नाही. दोन भावंडांत नाटक बसत नाही, समूहगान होत नाही. आणि आज ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं, त्याच्याच शेजारी परवा मांडी घालून बसायची सवय एकट्या घरात कुठून लागणार? पुण्यात होमस्कूलिंग करणारी घरं आहेत, पण एक कोथरूडला, एक विमाननगरला, एक सिंहगड रस्त्याला, अशी विखुरलेली. अशा मुलांना आठवड्यातून दोनदा एका हॉलमध्ये आणायचं, तर काय काय करावं लागतं ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. घरी जे चांगलं चाललंय ते वर्गात आणायचं नाही. आम्ही सुरुवातीला गणित आणि इंग्रजीचे तास ठेवले होते. एक मुलगा दशांशावर, दुसरी अजून हातच्यावर. मुलं कंटाळली आणि आया एकमेकींच्या मुलांच्या वह्या बघू लागल्या. दोन महिन्यांत तीन घरं गेली. माणसं जमली तरच होतं, अशा गोष्टी निवडायला लागलो तेव्हा कुठे वर्ग टिकला.

लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: सहा ते दहा घरं, दहा ते चौदा मुलं, दोन सकाळी रिकामा असलेला हॉल, कुलपाचं एक लोखंडी कपाट, दोन मोठ्या सतरंज्या, फळा, प्रथमोपचाराची पेटी आणि एक जाड हिशेबाची वही.

पहिली पायरी: घरं

आधी पालकांची बैठक घेऊ नका, आधी मुलांना खेळू द्या. एखाद्या बागेत तीन रविवार सगळ्यांना बोलवा, चेंडू आणि दोरी घेऊन जा. मोठे सतरंजीवर बसून बोलतील. कोणाचं कोणाशी जमतं, कोणतं मूल बाजूला उभं राहतं, हे तिथे दिसतं. सहा ते बारा वर्षांची मुलं एकत्र चालतात. मोठी मुलं लहानांना खेळात घेतात आणि लहान मुलं मोठ्यांची भाषा उचलतात.

मग प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारा: तुमच्या घरी काय होत नाही? उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहून ठेवा. आमच्याकडे आली ती अशी: ‘हरल्यावर रडतो’, ‘चार लोकांत तोंड उघडत नाही’, ‘प्रयोगाचं सामान एकट्यासाठी परवडत नाही’, ‘मराठी बोलायला घराबाहेर कोणी नाही’. विषयांची यादी यातूनच करायची.

घरांचे दोन प्रकार भेटतील. काही अभ्यासक्रम धरून चालतात, काही मुलाच्या कलाने. दोघांनाही वर्गात जागा आहे. मात्र ‘वर्गात अभ्यासक्रम नाही’ हे पहिल्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात त्यावरून कुरबुर सुरू होते.

दुसरी पायरी: हॉल

सोसायटीचं क्लबहाउस, समाजमंदिर, ग्रंथालयाची वरची खोली, ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र, कुठेही चालेल. या सगळ्या जागांना शनिवार-रविवारी बारसं, साखरपुडा, वाढदिवस असतात आणि संध्याकाळी योगासनं किंवा भजनी मंडळ. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक मात्र हॉल रिकामा असतो. शाळेत जाणारी मुलं तेव्हा शाळेत असतात, म्हणून ही वेळ कोणी मागत नाही. आपल्याला ती मिळते, भाड्यातही सवलत मिळते.

सचिवांना तोंडी विचारून थांबू नका. व्यवस्थापन समितीला अर्ज द्या: किती मुलं, कोणते वार, किती वाजता, जबाबदार दोन पालकांची नावं, आणि जागा झाडून परत देण्याची हमी. अर्जात आणि हॉलच्या दारावर ‘शाळा’ हा शब्द येऊ देऊ नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे आणि पुढेही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. आपण शाळा चालवत नाही. मुलं घरी शिकतात, इथे आठवड्यातून सहा तास एकत्र येतात. तेच लिहायचं. त्याच कायद्याचं कलम 10 मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा सांगत नाही, आणि घरशिक्षणाचं नावही कायद्यात नाही. सामील होणाऱ्या प्रत्येक घराला ही परिस्थिती स्पष्ट सांगा. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा.

जागा बघायला जाताना मुलाच्या उंचीने बघा. संडासची कडी आतून अडकते का, बाहेरून उघडता येते का? गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना? जमिनीतल्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का? एका हॉलमध्ये आम्ही पैसे भरून मोकळे झालो आणि पहिल्याच दिवशी कळलं की मागच्या जिन्याला कठडाच नाही. तीन तास एक आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही हॉल सोडला, आगाऊ भाडं परत मिळालं नाही.

कॅलेंडर घेऊन बसा. गणपतीच्या आधीपासून हॉल मंडळाकडे जातो, निवडणुकीत तिथे मतदान केंद्र होऊ शकतं, लग्नसराईत मधल्या वारीही मांडव पडतो. ते दिवस आधीच वगळून बारा आठवड्यांचा एक हप्ता आखा. वर्षात असे तीन हप्ते पुरतात.

तिसरी पायरी: विषय आणि माणसं

तीन तासांचे तीन भाग करा. पहिला तास अंग हलवण्याचा: लंगडी, खो-खो, लगोरी. नियमांवरून वाद होणारच, तो मुलांनाच मिटवू द्या. मधला तास हातांचा. शेवटचा तास तोंडाचा: नाटक, गाणी, गोष्ट सांगणं, वादविवाद. डबा मधल्या तासानंतर, सगळ्यांनी गोल बसून.

हातांच्या तासासाठी अरविंद गुप्तांची पुस्तकं जवळ ठेवा. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी मुलांना करून दाखवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर आमचे तीन आठवडे गेले. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. मग बारा जणांनी मिळून पूल केला आणि त्यावर वजनं ठेवत गेले.

शिकवणारी माणसं आधी घरांतच शोधा. कोणाचे वडील सुतारकाम करतात, कोणाची आजी मोडी वाचते, कोणाची आई रुग्णालयात परिचारिका आहे. नाटक किंवा गाण्यासाठी बाहेरचा एक माणूस मानधनावर घ्या. मात्र कोणताही मोठा माणूस, पालक असला तरी, मुलांबरोबर एकटा राहणार नाही. हॉलमध्ये कायम दोन मोठे हवेत, ते वेगवेगळ्या घरांतले. बाहेरून येणाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्या. मुलाने काही सांगितलं तर ‘आपापसात बघू’ म्हणायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा बालसाहाय्य क्रमांक कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा आणि मुलांकडून पाठ करून घ्या.

चौथी पायरी: एक सकाळ

वर्गाची सकाळ कशी असावी हे एका उदाहरणाने सांगते, कारण वेळापत्रकातून ते कळत नाही. थंडीचे दिवस निवडा, आकाश स्वच्छ असतं. हॉलपुढच्या फरशीवर मीटरभर उंचीची काठी विटांच्या मधे उभी करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि काठी दोन्ही बाजूंनी सरळ आहे ना ते बघा. साडेदहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण, शेजारी वेळ. दोन-दोन मुलांच्या पाळ्या लावा, बाकीची आत तालीम करत असतात.

आमच्याकडे बाराला सगळी मुलं बाहेर धावली. सावली बाराला सगळ्यात आखूड असते, हे त्यांनी ऐकलेलं. सव्वाबाराची खूण काठीच्या आणखी जवळ आली. एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘घड्याळ चुकलंय.’ तिघांची घड्याळं जुळवून पाहिली, बरोबर होती. साडेबाराच्या सुमाराला सावली पुन्हा लांबायला लागली. मग फळ्यावर नकाशा काढला. भारताची वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून धरतात, पुणे साधारण 74 अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. फरक साडेआठ अंशांचा. साडेआठ गुणिले चार, म्हणजे चौतीस मिनिटं उशीर. त्याशिवाय सूर्य वर्षभरात घड्याळाच्या थोडा मागेपुढे होत असतो, त्यामुळे सगळ्यात आखूड सावलीची वेळ ऋतूप्रमाणे सरकते.

खरी गंमत पुढे झाली. दोन जोड्यांच्या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. ‘आमची वेळ बरोबर होती’, ‘तुमचा खडू जाड होता’, ‘तू सावलीवर उभा होतास’. अर्धा तास हे चाललं, आम्ही मधे पडलो नाही. शेवटी मुलांनीच ठरवलं की शुक्रवारी टोकदार पेन्सिलने कागदावर खुणा करायच्या आणि प्रत्येक वेळ दोघांनी बघायची. घरी हाच प्रयोग मी मुलाबरोबर केला होता. तेव्हा मी उत्तर सांगितलं, त्याने मान डोलावली आणि आम्ही जेवायला उठलो.

सगळ्यात आखूड सावलीची रेघ उत्तर दिशा दाखवते. तिची दोन टोकं भिंतीवरच्या खुणांशी जुळवून ठेवा, कारण खडू पुढच्या वेळेपर्यंत पुसलेला असणार. पुढचे दोन आठवडे त्याच रेघेवरून मुलं गल्लीचा नकाशा काढतील: पावलं मोजून, किराणा दुकान, पिंपळ, रोहित्र, चहाची टपरी दाखवून.

पाचवी पायरी: पैसे आणि नोंदी

समजा भाडं तासाला 200 रुपये आहे. सकाळचे 600, महिन्याच्या आठ सकाळींचे 4,800. दहा घरांत घरटी 480. साहित्य आणि मानधनाचे वेगळे धरा. पैसे मुलामागे नको, घरामागे घ्या, म्हणजे तीन मुलांच्या घरावर बोजा पडत नाही. पूर्ण हप्त्याचे आधी घ्या, महिन्याचे घेतले की परीक्षा आणि पावसाच्या दिवसांत गळती लागते. ज्या घराला जमत नाही त्याच्याकडून कपाट लावणं, सामान आणणं असं काम घ्या. त्याची नोंद सगळ्यांच्या वहीत करू नका.

मुलांच्या नोंदीत अॅलर्जी, औषधं, दोन फोन नंबर आणि कोण घ्यायला येणार एवढं पुरे. गुण, क्रमांक, प्रगतिपुस्तक नको.

सहावी पायरी: मोठी मुलं

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं परीक्षेकडे वळतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय लागतात, मराठी माध्यम मिळतं, परीक्षा वर्षात दोनदा होतात आणि घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांनाही गुण असतात. या मुलांना वर्गातून काढू नका. मंगळवारी त्यांना वेगळा कोपरा द्या, एकमेकांचे स्वाध्याय तपासू द्या. शुक्रवारी खेळ आणि नाटक सगळ्यांबरोबरच. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचा सराव तीन-चार जणांनी मिळून केला की सामान निम्म्यात येतं.

बाराव्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. मुलांना नाटक दाखवू द्या, नकाशा भिंतीला लावू द्या, आजी-आजोबांना बोलवा. मग पालकांनी सतरंजीवर बसून पहिल्या वहीतला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा: आता घरी काय होत नाही? उत्तरं बदललेली असतात, पुढच्या हप्त्याचे विषय त्यावरून. मुलं तोवर झाडू मारतील, खडूचे डाग ओल्या फडक्याने पुसतील. कपाटाची एक किल्ली रखवालदारांकडे ठेवा, भाड्याची पावती वहीला टाचा आणि पुढच्या मंगळवारची तारीख सचिवांकडून लिहून घेऊनच निघा.