जोडणी झाली, परंतु फाईल मिळेना : दोषशोधनाचा एक पाठ

हेतुकथन

परस्परांपासून दूर असलेल्या संगणकांना एकाच खाजगी जाळ्यात आणण्याच्या सोयीला व्हीपीएन म्हणतात. इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्यातून ही सोय जणू एक बंदिस्त बोगदा काढते, व त्यातून जाणारा मजकूर इतरांना वाचता येत नाही. जेथे ही सोय वापरात आहे, तेथे एक अडचण वारंवार उद्भवते. जोडणी झाल्याची खूण पडद्यावर दिसते, परंतु दुसऱ्या संगणकावरील फाईल उघडत नाही. या अडचणीचे मूळ क्रमाक्रमाने कसे शोधावे, हे दाखविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

उदाहरणादाखल असे समजू की, केंद्रशाळेच्या संगणकावर ‘शाळापत्रके’ नावाचा फोल्डर सामायिक केलेला आहे व व्हीपीएनची व्यवस्था तेथील राउटरवर आहे. तीन कोसांवरील द्विशिक्षकी शाळेतील बाई आपल्या विंडोज संगणकावरून जोडणी करतात. ‘कनेक्टेड’ हा शब्द उमटतो, परंतु फोल्डर मात्र उघडत नाही. अशा वेळी बाई पेनड्राईव्ह घेऊन वाट तुडवितात, नाही तर ‘फायरवॉल बंद करून टाका’ असा सल्ला कोणीतरी देतो. पहिल्या उपायात दिवस जातो. दुसऱ्यात मुलांची नावे, जन्मतारखा व दाखले यांची राखण करणारे दारच उखडले जाते.

पूर्वज्ञान

मुलाचा भागाकार चुकला तर शिक्षक संपूर्ण पाटी पुसून टाकीत नाही. भाग बरोबर लागला काय, गुणाकार जमला काय, वजाबाकी नीट झाली काय, हे तो पायरीपायरीने पाहतो. येथेही तीच रीत अवलंबावी. फाईल हाती येण्यापूर्वी चार पायऱ्या ओलांडाव्या लागतात : वाट, नाव, पहारा आणि अधिकार. ‘कनेक्टेड’ या शब्दाने केवळ बोगदा उघडल्याचे कळते; पुढील पायऱ्यांविषयी तो काहीच सांगत नाही.

आरंभी एक सोपी कसोटी घ्यावी. केंद्रशाळेतीलच दुसऱ्या संगणकावरून तो फोल्डर उघडून पाहावा. तेथेही तो उघडत नसेल तर दोष व्हीपीएनचा नाही. संगणक निद्रावस्थेत आहे काय, फोल्डर खरोखर सामायिक केला आहे काय, हे तेथेच तपासावे. तेथे उघडत असेल, तर पुढील क्रमाने जावे.

विषयप्रतिपादन

*१. वाट.* दोन्ही ठिकाणी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन संगणकांचे पत्ते वहीत लिहून घ्यावेत. केंद्रशाळेचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि गावच्या शाळेचा १९२.१६८.१.२५ असा निघाला, तर दोष सापडलाच असे समजावे. वडगाव नावाची गावे अनेक आहेत; तालुका न लिहिता टाकलेले पत्र जवळच्याच वडगावी जायचे. त्याप्रमाणे गावचा संगणक केंद्रशाळेचा पत्ता आपल्याच खोलीत शोधीत बसतो. एका बाजूच्या राउटरवर १९२.१६८.५७ अशी निराळी मालिका ठेवली की हा घोटाळा मिटतो. (येथे अंक देवनागरीत छापले आहेत, संगणकावर ते इंग्रजी अंकांत टंकावेत.)

पत्ते भिन्न असतील तर ‘पिंग’ आज्ञेने केंद्रशाळेच्या संगणकाला हाक द्यावी. उत्तर आले तर वाट मोकळी आहे. उत्तर न आले तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. पहारेकरी कित्येकदा ही हाकही अडवितो.

*२. नाव.* दवंडी वेशीच्या आतच ऐकू येते. एका जाळ्यातील संगणक आपली नावे अशाच दवंडीने परस्परांना कळवितात व ती दवंडी सामान्यतः बोगद्यापलीकडे जात नाही. म्हणून ‘नेटवर्क’च्या यादीत केंद्रशाळेचा संगणक दिसला नाही, तर त्यात नवल नाही. नावाऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघा व त्यांपुढे पत्ता टंकून पाहावे. पत्त्याने फोल्डर उघडला व नावाने उघडला नाही, तर दोष केवळ नावाचा होय. त्या पत्त्याचाच शॉर्टकट करून ठेवावा म्हणजे झाले.

*३. पहारा.* पत्ताही चालत नसेल तर फायरवॉलकडे वळावे. विंडोजमध्ये फाईल देवाणघेवाण ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. खाजगी जाळ्यासाठी असलेला ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’चा नियम मूलतः ‘लोकल सबनेट’पुरता, म्हणजे गावकऱ्यांपुरताच असतो. व्हीपीएनने आलेल्या बाईंचा पत्ता १०.८.०.६ असा असल्याने पहारेकरी त्यांना परका समजतो. यावर उपाय पहारा उठविणे हा नव्हे, तर त्याच्या यादीत एक ओळ वाढविणे हा आहे. केंद्रशाळेच्या संगणकावर त्या नियमाच्या ‘स्कोप’मध्ये १०.८.०.०/२४ ही मालिका जोडावी. तसेच ते जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले आहे काय, हेही पाहावे.

या ठिकाणी एक घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो याच ४४५ पोर्टवाटे शिरून फाईली कुलूपबंद करी व खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्याने विस्कळीत झाले. ज्या दोषातून तो शिरला त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. म्हणून फायरवॉल बंद करू नये, राउटरवरून ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवू नये आणि अद्ययावत करण्याचे काम टाळू नये.

*४. अधिकार.* वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारला गेला, म्हणजे पहिल्या तीन पायऱ्या पार पडल्या. येथे केंद्रशाळेच्या संगणकावरील खात्याचा पासवर्ड द्यावा. आपल्या संगणकाचा पिन येथे उपयोगी पडत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज जाळ्यावरून मूलतः प्रवेश देत नाही. पुढे असेही ध्यानी घ्यावे की परवानग्या दोन असतात, एक सामायिक करण्याची व दुसरी फोल्डरची. दोहोंत जी अधिक कडक तीच लागू होते. दोन्ही ठिकाणी त्या खात्याचे नाव असावे. ‘एव्हरीवन’ला सर्वाधिकार देणे म्हणजे दप्तराची किल्ली दारालाच लटकावून ठेवणे होय.

क्वचित निराळाच प्रकार आढळतो. यादी दिसते, लहान फाईल येते, परंतु मोठी फाईल मध्येच अडकते. कडब्याने लादलेली गाडी वेशीच्या कमानीत अडकावी तसे हे असते. जाळ्यावरील एक पुडके सामान्यतः १५०० बाइटचे असते. व्हीपीएन त्यावर आपले वेष्टन चढविते, त्यामुळे ते वाटेत मावत नाही. व्हीपीएनच्या जोडणीसाठी ‘एमटीयू’ ही मर्यादा १३०० च्या आसपास आणून पाहावी.

निष्कर्ष

जोडले जाणे, पोहोचणे, ओळखले जाणे व अधिकार मिळणे या चार निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची कसोटी निराळी आहे. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत नोंदावा, आणि उपयोग न झाल्यास पूर्ववत करून मगच पुढे जावे. एकदम चार बदल केल्यास अडचण दूर झाली तरी कारण कळत नाही, आणि कारण न कळलेला दोष पुन्हा उद्भवल्यास सारे श्रम नव्याने करावे लागतात.

उपयोजन

पुढील प्रश्नांचा विचार केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावा.

१. पत्त्याने फोल्डर उघडतो, नावाने नाही. दोष कोणत्या पायरीवर आहे?

२. फायरवॉल बंद करताच फाईल मिळाली. यावरून काय सिद्ध झाले? आता ती पुन्हा सुरू करून कोणता नियम सुधारावा?

३. आपल्या शाळेच्या सामायिक फोल्डरात मुलांची कोणती माहिती आहे, व ती पाहण्याचा अधिकार नेमका कोणाकोणाला असावा?