मेथीच्या जुडीची परीक्षा

सूर्य पश्चिमेकडे कलू लागला, की नाशिकच्या बाजार समितीच्या आवारात पालेभाज्यांच्या गाड्या येऊ लागतात. आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या मेथी, कोथिंबीर, शेपू यांच्या जुड्यांचे हिरवे ढीग रचले जातात आणि लिलाव पुकारला जातो तो शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावाने. ज्याच्याजवळ चारदोन गुंठ्यांचेच वाफे आहेत, त्याच्या शेदोनशे जुड्या शेजारच्या मोठ्या ढिगात मिसळून जातात. रातोरात त्या मुंबईची वाट धरतात. सकाळी एखाद्या घरी जुडीची दोरी सोडली जाते, तेव्हा ती कोणत्या गावच्या कोणत्या वाफ्यातून आली, हे विकणाऱ्यासही सांगता येत नाही आणि विकत घेणाऱ्यासही.

त्या जुडीत पाने असतात, कोवळे देठ असतात, मुळांना चिकटलेली थोडी मातीही असते. याखेरीज डोळ्यांना न दिसणारे असे आणखी काही तिच्यात असते काय, याचा शोध घेणे हे रसायनशास्त्रातील एक अतिशय नाजूक काम होय.

मेथीचे पीक महिनाभरात काढणीस येते. एवढ्या अल्प काळातही तिच्यावर मावा पडतो, नागअळी पानांत वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा ओढते, पाने खाणाऱ्या अळ्या तर त्यांची चाळण करून सोडतात. छिद्रे पडलेली मेथी लिलावात कोणी हाती धरीत नाही. ग्राहकाला पान कीटकनाशकावाचून वाढलेले हवे असते आणि अखंडही हवे असते; या दोन्ही मागण्या पुरविताना शेतकऱ्याची काय ओढाताण होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अखेर तो पाठीवर पंप घेतो आणि फवारणी करतो. फवारावयाच्या द्रवाला तो ‘औषध’ म्हणतो. पिकाला जे औषध, तेच किडीला विष, हे तो जाणत नाही असे नाही. परंतु रोजच्या बोलण्यात विषाचा उच्चार कोण करील?

फवारलेले द्रव्य पानावर कायम राहत नाही. ऊन, वारा, दव, पाऊस आणि खुद्द वनस्पतीच्या अंगची रसायने यांच्या योगाने त्याचे हळूहळू विघटन होते. अशा रीतीने कमी होत होत जे काही मागे उरते, त्याला अवशेष म्हणतात. ते पुरेसे कमी होण्यास जितके दिवस लागतात, तितके दिवस फवारणीनंतर काढणी करू नये, असा दंडक आहे. हाच प्रतीक्षा काळ. फळभाज्यांच्या मानाने पालेभाज्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. पानाचे वजन थोडे आणि पसारा मोठा. त्यामुळे फवाऱ्याचे थेंब वजनाच्या मानाने पुष्कळ बसतात. पानाला साल नसते, की सोलून टाकता येईल. धुतल्याने वरवरचे द्रव्य काही अंशी निघून जाते. परंतु जी कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे वनस्पतीच्या रसात शिरून सर्वांगात फिरतात, त्यांच्यापुढे पाण्याचे काही चालत नाही. शिवाय आज फवारले आणि उद्या भाव चढला, तर महिन्याची उधारी डोक्यावर असलेला मनुष्य आठवडाभर थांबेल कसा? आठवडाभराने भाव तर पडतोच. पण मेथीही जून होते.

कीटकनाशकांचा इतिहास फार जुना नाही. डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधील पाउल म्युलर यांनी १९३९ साली ओळखला आणि त्याबद्दल १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दहाच वर्षांनी, १९५८ साली, केरळात एक भयंकर घटना घडली. पॅराथिऑन हे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळले गेले आणि ते पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आघातानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. तेव्हापासून कोणते कीटकनाशक कोणत्या पिकावर वापरावे, याची पीकवार नोंदणी होऊ लागली. मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल द्रव्यास २००५ साली भाजीपाल्यावर बंदीही झाली. तथापि पालेभाज्यांसाठी म्हणून नोंदविलेली द्रव्ये फारच थोडी आहेत. कापसासाठी आणलेल्या बाटलीतील उरलेले चार थेंब मेथीवर जातात, त्याचे एक कारण या उणिवेतही आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. परीक्षेचा आरंभ यंत्रापाशी होत नाही, तो वाफ्यात किंवा बाजारातील ढिगापाशी होतो. एकच जुडी उचलून चालत नाही. फवारा सर्वत्र सारखा पडत नसल्यामुळे ठिकठिकाणची पाने घेऊन किमान एक किलोचा नमुना करावा लागतो. मुळांची माती झटकतात; नमुना मात्र धूत नाहीत. धुणाऱ्याने भाजी स्वच्छ केली, तरी परीक्षा बिघडविली असे होईल. पिशवीवर स्थळ, तारीख व वेळ लिहून ती थंड पेटीतून न्यावयाची आणि प्रयोगशाळेत गोठवून ठेवावयाची. दळतानाही उष्णतेने द्रव्य नाहीसे होऊ नये म्हणून पानांबरोबर कोरडे बर्फ घालण्याची पद्धत आहे.

या बारीक केलेल्या पाल्यातून केवळ १० ग्रॅम पाला नळीत घेतात. त्यावर १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल नावाचा द्रव ओतून नळी जोराने हलवितात. पाण्यात हा द्रव एरवी सहज मिसळतो. परंतु नळीत ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम साधे मीठ टाकले, की पाणी व द्रव अलग होतात आणि बहुतेक कीटकनाशके द्रवाबरोबर वर येतात. मग नळी यंत्रात गरगर फिरवून वरचा थर काढून घेतात. ही सुटसुटीत रीत मिकेलांजेलो अनास्तासियादेस, स्टीव्हन लेहोटे व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी याच कामासाठी द्रावके लिटरच्या मापाने लागत आणि दिवस मोडत असे.

येथे मेथी आपली अडचण उभी करते. वर आलेला द्रव हिरवागार असतो, कारण पानाचे हरितद्रव्यही त्यात उतरते. हे हरितद्रव्य नाजूक यंत्रात गेले, तर यंत्र मळते आणि मोजणी चुकते. ते काढण्यासाठी विशिष्ट प्रकारच्या कोळशाची पूड वापरतात. पूड कमी पडली तर रंग राहतो. अधिक पडली तर ज्यांचे रेणू चपटे आहेत अशी काही कीटकनाशकेही कोळशाला चिकटून निघून जातात आणि दूषित भाजी निर्दोष ठरते. हाताचा अनुभव येथेच कसोटीला लागतो.

ज्या हरितद्रव्याचा आज एवढा जाच होतो, त्याच्यामुळेच या शास्त्राचा जन्म झाला, ही मौजेची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हिरव्या पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून ओतला, तेव्हा एकाच हिरव्या रंगाचे हिरवे व पिवळे असे निरनिराळे पट्टे नळीत उमटले. घटक वेगवेगळ्या वेगाने खाली उतरतात, म्हणून ते विलग होतात. या रीतीला वर्णलेखन असे नाव मिळाले. रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग असाच आहे. आजच्या यंत्रातील नळी याच तत्त्वावर चालते. नमुन्यातील द्रव्ये तिच्यातून आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडतात. पुढे दुसरे यंत्र प्रत्येक रेणूचे वस्तुमान मोजते, त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांचेही वस्तुमान मोजते. बाहेर पडण्याची वेळ आणि तुकड्यांचे प्रमाण ही दोन्ही जुळली, म्हणजेच द्रव्याची ओळख पटली असे मानतात.

ही मोजणी किती सूक्ष्म असते? ज्या द्रव्याची मर्यादा त्या भाजीसाठी ठरविलेली नाही, त्याला आपल्या देशात एका किलोत ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. दहा दहा टन भाजी भरलेल्या दहा मालमोटारी एका रांगेत उभ्या केल्या आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम द्रव्य सारखे पसरले, तर हे प्रमाण होईल. एवढे सूक्ष्म मोजणाऱ्याने आपल्या मापावर विश्वास तरी कसा ठेवावा? त्यासाठी न फवारलेल्या मेथीत मुद्दाम माहीत असलेले प्रमाण मिसळून तिचीही तशीच परीक्षा करतात. घातलेल्यापैकी सामान्यतः ७० ते १२० टक्के परत हाती लागले, तरच ती रीत ग्राह्य ठरते. मोजणाराची ही स्वतःचीच परीक्षा होय.

मर्यादा ओलांडली म्हणजे ती भाजी खाणारा तत्काळ आजारी पडेल, असा समज मात्र चुकीचा आहे. नियमाप्रमाणे फवारणी केली असता काढणीच्या वेळी जास्तीत जास्त किती अवशेष उरतो, हे शेतांतील प्रयोगांवरून पाहून ही मर्यादा बांधतात. रोजच्या आहारातून तो अवशेष सुरक्षित प्रमाणाबाहेर पोटात जाणार नाही, याची खातरजमा निराळी करतात. म्हणून मर्यादेचा भंग झाला, याचा पहिला अर्थ शेतात नियम मोडला गेला, एवढाच असतो. ज्यास नियमच ठाऊक नव्हता त्यानेही तो मोडलेला असू शकतो आणि शेजाऱ्याचा फवारा वाऱ्याने आपल्या वाफ्यात आला, असेही घडते.

यंत्राच्या या सामर्थ्याला दोन मोठ्या मर्यादा आहेत. नमुना आणणे, दळणे, मोजणे व तपासणे यांत दिवस जातात. मेथी तर दुसऱ्याच दिवशी शिजून ताटात पडलेली असते. दुसरी मर्यादा ढिगाची. दहा जणांच्या जुड्या मिसळलेल्या ढिगात दोष आढळला, तर तो कोणाच्या वाफ्यातला, हे जगातील कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. मग दोष एकाचा असून अविश्वास दहाही जणांच्या वाट्याला येतो. ज्याने दिवस मोजून, भाव पडू देऊन काढणी केली, त्यालाही पदरी काही अधिक मिळत नाही.

ही अडचण सुटण्यासारखी नाही असे मात्र नव्हे. २००३ साली महाराष्ट्रातील द्राक्षांत युरोपात अवशेष आढळले आणि निर्यातीवर संकट आले. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी सुरू झाली; प्रत्येक बागेला क्रमांक मिळाला, फवारणीच्या नोंदी आल्या आणि काढणीपूर्वी नमुने तपासले जाऊ लागले. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या कामी मार्गदर्शक ठरली. द्राक्षाचा घड परदेशी जातो, म्हणून त्याची जन्मकुंडली मांडली गेली. मेथीची जुडी आपल्याच घरी येते. तिच्यासाठी एवढा खटाटोप अद्याप कोणी केलेला नाही. शेदोनशे जुड्यांच्या उत्पन्नातून एका तपासणीचाही खर्च निघणे कठीण, हेही तितकेच खरे.

लहान शेतकऱ्याच्या हाती राहते ती बाटलीवरची चिठ्ठी. तिच्यावर एका कोनावर उभा असलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. सोबतच्या घडीपत्रकात कोणत्या पिकावर किती वापरावे व काढणीस किती दिवस थांबावे, हे बारीक अक्षरांत छापलेले असते. पुष्कळ घरांत ती अक्षरे वाचण्याइतकी दृष्टी वडील मंडळींना राहिलेली नसते. तेथे शाळेतून परतलेला मुलगा किंवा मुलगी ओट्यावर बसून ते पत्रक मोठ्याने वाचते, बाप मनाशी दिवस मोजतो आणि आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फवारणीच्या तारखेभोवती पेन्सिलीने एक गोल काढून ठेवते.