भाजलेले मूल आणि पहिली वीस मिनिटे

वसतिगृहातील आरोग्यवर्गात दरवर्षी आम्ही जो पाठ घेतो, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे थोड्या विस्ताराने ठेवीत आहोत. सर्पदंशाविषयी आपल्या जिल्ह्यातील माणूस सावध असतो. भाजण्याविषयी तितका नसतो. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्याकडे कातकरी वस्त्यांवरील मुले शिकतात. सिंधुदुर्गात या समाजातील काही कुटुंबांना वानरमारे या नावाने ओळखतात. त्यांच्या झोपड्यांत चूल जमिनीलगत असते. रांगते मूल आणि पेजेचा टोप यांत दोन हातांचेही अंतर नसते. पेज घट्ट असल्याने अंगाला चिकटून राहते व पाण्यापेक्षा अधिक वेळ भाजत राहते. आईवडील वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर गेले, की मुलेही तेथेच खेळतात. शिवाय चैत्र-वैशाखात घरोघरी काजू भाजतात, तेव्हा टरफलातील तेल पेट घेऊन उडते. ते तेल थंड असतानाही कातडी जाळते, हे मालवणी माणसाला सांगावयास नको.

मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. म्हणून तेवढ्याच उष्णतेने ते अधिक खोल भाजते. विस्तव दूर झाला तरी मांसात शिरलेली उष्णता आत आपले काम करीतच राहते. ती बाहेर काढणे हाच खरा प्रथमोपचार, आणि त्याचे साधन एकच : साधे थंड पाणी, सलग २० मिनिटे. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांतही भाजण्याचे प्रमाण इतर मुलांहून अधिक आहे. तेथील वैद्यकांचा नियमही हाच आहे, आणि भाजल्यापासून ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, असे ते सांगतात. म्हणून उशीर झाला तरी पाणी टाळू नये.

परंतु आपल्याकडे नेमके पाणीच टाळले जाते. पाणी लागले की फोड येतात, हा समज खोलवर रुजलेला आहे. फोड भाजल्यामुळे येतात, पाण्यामुळे नव्हे. त्याऐवजी हळद, खोबरेल, राख, शाई, टूथपेस्ट असे जे हाताशी असेल ते थापले जाते. त्याने उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते, आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. त्या वेळचे मुलाचे रडणे ऐकवत नाही. कातकरी जाणत्यांचे वनौषधींचे ज्ञान मोठे आहे व त्याचा आम्हांस आदर आहे. तरीही उघड्या भाजलेल्या जागेवर कोणताही पाला वाटून लावू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

दुसरी अडचण खरी आहे : वस्तीवर नळ नसतो. तांब्याने संथ धार धरली तरी २० मिनिटांना चार-पाच कळशा लागतात, आणि उन्हाळ्यात तेवढे पाणी म्हणजे एका बाईची अर्ध्या दिवसाची पायपीट. अशा वेळी खाली स्वच्छ परात धरावी व तेच पाणी पुन्हा ओतावे. कोमट झाले की बदलावे. तेही नसेल तर ओले फडके ठेवून वरचेवर बदलावे. बर्फ मात्र नको. अगदी लहान मूल गारठते, म्हणून भाजलेली जागाच भिजवावी व उरलेले अंग गोधडीत ठेवावे. बांगड्या, करदोरा, काळा दोरा सूज येण्यापूर्वीच काढावेत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, भोवतीने कापावा. फोड फोडू नयेत. नंतर धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकावे.

मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांचे आच्छादन वापरून पाहिले व २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, बदलताना वेदना कमी होतात, आणि खर्च नगण्य. आपल्या परसातील पानाचा हा गौरव वाचून कोणासही आनंद व्हावा. मात्र ती पाने रुग्णालयात जंतुरहित केलेली होती, हे विसरू नये.

मुलाच्या तळहाताएवढी जागा म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे १ टक्का. त्याहून मोठे भाजले, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग यांपैकी काही भाजले, विजेचा धक्का बसला, धूर छातीत गेला, तर वाट पाहू नये. १०८ वर दूरध्वनी करावा व गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवावे.

येथे भट्टीवरील मजुराची अडचण वेगळीच असते. उचल घेतलेली असते, मुकादम सोडीत नाही. शिवाय भाजल्याची नोंद पोलिसांकडे जाते, हे कानावर असल्याने दवाखान्याचीच धास्ती वाटते. ही नोंद रुग्णालयाच्या कामाचा भाग आहे. पालकांवर आरोप नव्हे. जे माजी विद्यार्थी आज शिक्षक, ग्रामसेवक वा आरोग्यसेवक आहेत, त्यांनी अशा वेळी त्या कुटुंबासोबत दवाखान्यापर्यंत जावे, कातकरी बोलीत विचारपूस करावी आणि केसपेपर निघेपर्यंत तेथे थांबावे.